गिळलेली शिट्टी : परभणीच्या फुटबॉल प्रेक्षकांना खुले पत्र

मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माझ्या परभणीकरांनो,

सप्रेम नमस्कार.

मी सव्वीस वर्षं आपल्या मैदानावर रेफ्री म्हणून पळालो. शाळेत पीटीचे तास घ्यायचे आणि शाळा सुटली की गळ्यात शिट्टी अडकवायची, असा माझा दिवस असायचा. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा शिट्टी घरातल्या खुंटीला टांगली. गेली चार वर्षं मी तुमच्यासारखाच पूर्वेकडच्या कट्ट्यावर बसून सामने बघतो. जागा बदलली तेव्हा तुमचा आवाज मला पहिल्यांदा तुमच्या बाजूने ऐकू आला. मैदानाच्या आत तो वेगळाच असतो, आणि तो तिथे काय करतो हे तुम्हाला कुणी कधी सांगितलेलं नाही. दोन हिवाळे झाले, हे पत्र मनात घोळतंय.

सामन्याच्या सुरुवातीला आत उभं राहिलं की माणसं सुटी सुटी ऐकू येतात. कुणी 'सोडू नको रे' म्हणतो, कुणी 'हौ मियाँ, पास दे ना', मधूनच शेंगावाल्याची हाक. मग आपला एखादा फॉरवर्ड चेंडू घेऊन निघतो आणि हे सगळे आवाज एकदम एक होतात. तो आवाज कानाला कमी लागतो, पाठीला जास्त. मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. खेळणाऱ्या पोरांना तर तो पायात जाणवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जानेवारीत आपला संघ दहा जणांवर आला होता. एक गोलची आघाडी होती आणि वीस मिनिटं उरली होती. कोरड्या काळ्या मातीला भेगा पडलेल्या, पोरांच्या पोटऱ्यांत गोळे आलेले. पश्चिमेच्या बाजूला दोन हलग्या होत्या. चेंडू पाहुण्यांकडे गेला की त्या संथ व्हायच्या, आपल्याकडे आला की चढायच्या. वीस मिनिटं वाजवणाऱ्यांनी डोळे चेंडूवरून हलवले नाहीत. आघाडी टिकली. आपला राइट बॅक नंतर मला म्हणाला, "सर, हलगी थांबली असती तर मी खालीच बसलो असतो."

म्हणून आधीच सांगतो, गप्प बसा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुमचा आवाज हे खरोखरचं बळ आहे, बाराव्या खेळाडूइतकं. पण ते बळ माझ्यावरही चाललं, आणि ते कसं चाललं हे आज मी तुमच्यासमोर कबूल करणार आहे.

ऑगस्ट महिना होता. शालेय स्पर्धेचा विभागीय सामना, सतरा वर्षांखालची मुलं. पावसाळ्यातली आपली माती तुम्हाला ठाऊक आहे, बुटाला अशी चिकटते की अर्ध्या तासात पाय उचलत नाही. त्या काळी कडेला जाळी नव्हती, नुसती दोरी बांधलेली असायची. तुम्ही दोरीच्या आत येऊन अगदी रेषेवर उभे होतात. आपण 1-0 ने पुढे. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली असताना पाहुण्यांचा एक काटकुळा फॉरवर्ड आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये शिरला. आपल्या स्टॉपरने, म्हणजे मधल्या बचावपटूने, मागून त्याचा शर्ट धरला आणि ओढला. मी बारा-पंधरा पावलांवर होतो. शर्ट ताणलेला मला दिसला, धरलेली मूठ दिसली. पोरगं तोंडावर पडलं. शिट्टी ओठात होती, छाती भरलेली होती, आणि त्याच क्षणी तुम्ही सगळे एकदम ओरडलात, "चिखल आहे, चिखल! घसरला!"

मी शिट्टी वाजवली नाही. चिखलात सगळेच पडतात, असं मी त्या अर्ध्या सेकंदात स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. सामना आपण जिंकला, तुम्ही आपल्या पोरांना खांद्यावर घेतलंत, मला कुणीतरी चहा आणून दिला. पांगापांग झाल्यावर ते पाहुणं पोरगं हात मिळवायला आलं. अंगभर चिखल वाळलेला. हळू आवाजात म्हणालं, "सर, तुम्ही पाहिलं होतं ना?" मी काही बोललो नाही. त्याने मान हलवली आणि ते बसकडे निघून गेलं. आता ते पोरगं तिशीच्या पुढे असेल. त्याचं गाव मला आठवतं, नाव आठवत नाही, आणि याचीही मला लाज वाटते.

मी घाबरलो होतो का? याचा मी खूप विचार केला आहे. मार बसेल अशी भीती त्या क्षणी मनात नव्हती. खरं सांगायचं तर, जे डोळ्यांनी दिसलं त्याच्यावरचा माझा विश्वास शंभर-दोनशे गळ्यांनी मिळून हलवला. पुढे रेफ्रींच्या एका शिबिरात मला कळलं की याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमध्ये 40 पात्र रेफ्रींना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातल्या 47 झटापटी व्हिडिओवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. चित्र तेच, खेळाडू तेच. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. 2002 साली हा अभ्यास छापून आला. पाहुण्यांविरुद्ध त्यांनी फाऊल फारसे वाढवले नव्हते. घरच्या संघाच्या चुका तेवढ्या सोडून दिल्या होत्या. शिबिरात हे ऐकताना माझ्या घशाला कोरड पडली. माझ्याकडूनही हेच घडलं होतं, शिट्टी गिळली गेली होती.

करोनाच्या काळात अशीच परीक्षा जगभर आपोआप झाली. सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली, हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं. प्रेक्षक नव्हते, तर रेफ्रीची नजर दोन्ही संघांकडे जास्त सारखी झाली.

हे वाचून कुणी म्हणेल, मग तर अजून जोरात ओरडू, निकाल आपल्या बाजूने लागेल. अशी वाक्यं मी कट्ट्यावर ऐकली आहेत. त्यांना माझं एकच म्हणणं आहे. आपली पोरं परभणीत जिंकतात आणि पुढच्या फेरीला बाहेरगावी गेली की पहिल्याच सामन्यात बॉक्समध्ये शर्ट धरतात, आणि तिथला रेफ्री पेनल्टी देतो. ही सवय त्यांना आपण लावली. मीही लावली, शिट्टी गिळून.

आता शिट्टीचाच विषय निघाला आहे तर सांगतो, खिशात शिट्ट्या आणणं बंद करा. मागच्या वर्षी काय झालं ते तुम्ही पाहिलंत. गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली, आपल्या बॅकला वाटलं फाऊल झाला, त्याने चेंडू सरळ हातात उचलला. प्रेक्षकाच्या शिट्टीने खेळात अडथळा आला असं रेफ्रीला वाटलं तर खेळ थांबवून ड्रॉप बॉलने, म्हणजे रेफ्रीने चेंडू जमिनीवर सोडून, सुरू करायचा, असं नियम सांगतात. त्या दिवशीच्या रेफ्रीने नेमकं तेच केलं. त्याच्यावर तुम्ही पाण्याच्या बाटल्या फेकल्यात. तो माझा विद्यार्थी आहे आणि त्या दिवशी त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

आणि डीजे. गेली दोन वर्षं संयोजकांनी मैदानाच्या कोपऱ्यात डीजेची भिंत उभी करायला सुरुवात केली आहे. त्यांचा हेतू वाईट नाही, गर्दी जमावी म्हणून ते करतात, स्पर्धा भरवायला लागणारा पैसा आणि घाम मी जवळून पाहिला आहे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, मैदानाला लागून घरं आहेत, त्या घरांत म्हातारी माणसं आहेत, हे सगळं खरं. पण माझी तक्रार खेळापुरती आहे. डीजेला चेंडू दिसत नाही. आपला गोल झाला, पाहुण्यांचा झाला, कुणाचा पाय मोडला, त्याचा ठोका तोच. 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेला नावाच्या पिपाण्या होत्या, टीव्हीवर पाहिलेल्यांना आठवत असेल. नव्वद मिनिटं तोच गुंजारव, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्यात प्रेक्षकांची आशा, धाकधूक, निराशा काहीच वेगळं ऐकू यायचं नाही. त्याच वर्षी युरोपच्या फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांत त्यावर बंदी घातली. आपल्याकडे डीजेखाली गोलकीपरची हाक बॅकला ऐकू येत नाही, मागून माणूस येतोय हे सांगायला पोरांना एकमेकांचे खांदे धरावे लागतात. आणि तुम्ही स्वतः ओरडायचं सोडून दिलं आहे, मोबाइल वर करून नुसते उभे असता. हलगी परत आणा. ती वाजवणारा माणूस सामना बघत असतो.

आता जे लिहायला जड जातं ते.

पाहुण्या संघाच्या गोलामागे उभं राहून तुमच्यातले काहीजण जे बोलतात, ते मी आता कट्ट्यावरून ऐकतो. पूर्वी आतून ऐकायचो आणि न ऐकल्यासारखं करायचो. आईवरून, बहिणीवरून. बाहेरगावच्या पोराच्या रंगावरून, जातीवरून, धर्मावरून. ज्या गोलकीपरला तुम्ही ते ऐकवत असता तो अकरावीत असतो. एसटीने तीन तास उभ्याने आलेला असतो, डब्यात आईने दिलेली भाकरी-चटणी असते, हातमोजे दोघांत एक जोडी असतात. त्याला वळून उत्तर देता येत नाही, कारण चेंडू समोर असतो. मागच्या वर्षी उपान्त्य सामन्यात असा एक गोलकीपर मध्यंतरात पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडत होता. मी तिथे हात धुवायला गेलो होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "काका, गोल खाल्ल्याचं काही नाही. माझी माय सामना बघायला आली आहे."

त्याची माय तुमच्यामध्येच उभी होती. डोक्यावर पदर घेऊन, लेकाची पिशवी धरून, सगळं ऐकत.

फिफाच्या नियमात अशा घोषणांसाठी तीन पायऱ्या आहेत. आधी सामना थांबवायचा, तरी चालू राहिलं तर खेळाडूंना काही वेळ आत न्यायचं, आणि तरीही थांबलं नाही तर सामनाच संपवायचा. मी सव्वीस वर्षांत यातली पहिली पायरीही कधी चढलो नाही. आताच्या रेफ्रींना मी सांगितलं आहे की चढा, मी तुमच्या बाजूने कट्ट्यावर उभा राहीन. ती वेळ येऊ देऊ नका ही तुम्हाला विनंती आहे. तुमच्या शेजारचा माणूस घाण बोलला तर त्याला 'बस कर भाऊ' म्हणा. पोलिसाने म्हणण्यापेक्षा शेजारच्याने म्हटलेलं जास्त लागतं.

शब्दांनी कुणी मरत नाही, असं तुम्ही म्हणाल. 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, तिची आग स्टँडमध्ये गेली, मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली. 16 प्रेक्षक गेले. खेळ बघायला घरून निघालेली माणसं होती ती. कोलकाता आजही तो दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतं. आपल्या मैदानाला बाहेर पडायला एकच मोठं फाटक आहे, हे मी संयोजकांना तोंडी सांगितलं आहे, इथे लेखीही सांगतो.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण कौतुकाने म्हणतो. मग जर्मनीचंच एक सांगतो. डॉर्टमुंड या शहराच्या स्टेडियममध्ये दक्षिणेच्या बाजूला जवळपास 25,000 माणसं उभी राहून सामना बघतात. सगळी पिवळ्या रंगात, म्हणून त्या बाजूला पिवळी भिंत म्हणतात. करोनात बंद पडलेली जर्मन लीग 16 मे 2020 ला पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी डॉर्टमुंडचा सामना शेजारच्या शाल्केशी होता, त्यांचं हाडवैर. डॉर्टमुंडने 4-0 ने जिंकला. स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते. सामना संपल्यावर खेळाडू त्या रिकाम्या भिंतीसमोर गेले आणि दर वेळी करतात तसंच तिला अभिवादन केलं. मी ते मोबाइलवर पाहिलं आणि मला आपलं मैदान आठवलं. खेळणाऱ्याला तुम्ही इतके हवे असता.

दुसरी आठवण ब्राझीलची. 8 जुलै 2014, विश्वचषकाचा उपान्त्य सामना, ब्राझीलच्याच घरी, जर्मनीविरुद्ध. मध्यंतरालाच 5-0. शेवटी 7-1. जर्मनीचा सातवा गोल झाला तेव्हा ब्राझीलच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. छातीवर दगड ठेवून वाजवल्या असतील, पण गोल सुंदर होता आणि तो त्यांना ओळखू आला. आपल्या मैदानावर पाहुण्याच्या गोलला टाळी पडलेली मी सव्वीस वर्षांत दोनदा ऐकली आहे. दोन्ही वेळा सुरुवात शेंगावाल्या चाचांनी केली होती.

आता ज्यासाठी हे पत्र आजच पाठवतोय ते सांगतो.

येत्या रविवारी मुलींची फायनल आहे. मागच्या वर्षीची मी पाहिली. मी मोजले, एकवीस माणसं होती. त्यात अकरा आया, दोन शिक्षक, पाणी देणारा एक पोरगा. मुलांच्या फायनलला याच मैदानावर उभं राहायला जागा नव्हती, लोक झाडावर बसले होते. मुलींच्या वेळी डीजेही बंद होता, संयोजकांनी तो मुलांच्या सामन्यासाठी राखून ठेवला होता, आणि शांतता इतकी होती की बुटाचा चेंडूला होणारा आवाज कट्ट्यापर्यंत यायचा. आपल्या मुलींची सेंटर हाफ दुसऱ्या हाफमध्ये अर्ध्या मैदानावरून तिघींना चुकवत गेली आणि डाव्या पायाने गोल केला. मी खूप गोल पाहिले आहेत, तो चांगल्यांपैकी होता. गोल झाल्यावर ती सवयीने कट्ट्याकडे वळली, हात वर केले. तिथे मी होतो आणि दोन आया. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिने हात खाली घेतले आणि ती सेंटरकडे पळत गेली.

2018 च्या जूनमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा कप्तान सुनील छेत्रीने एक व्हिडिओ केला होता, तुम्ही पाहिला असेल. 1 जूनला मुंबईत भारताने चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, 5-0 ने हरवलं, त्याची स्वतःची हॅट्ट्रिक, आणि बघायला होते 2,569 लोक. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडले. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये या. 4 जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात स्टेडियम भरलं होतं. देशाच्या कप्तानाला हे मागावं लागलं. शिव्या त्याने स्वतःच्या संघासाठी मागितल्या होत्या, पाहुण्यांसाठी नव्हेत, हेही लक्षात ठेवा. आपल्या मुली व्हिडिओ करणार नाहीत. त्यांना घरून परवानगी मिळाली हेच त्यांच्यासाठी मोठं आहे. त्यांच्या वतीने मी मागतो.

पण येताना ते दुसरं तोंड घरी ठेवून या. मुली खेळत असताना त्यांच्या कपड्यांवर, पळण्यावर जो बोलेल, त्याला त्याच्या शेजारच्यानेच हाताला धरून बाहेर न्यावं. त्या दिवशी आया, बहिणी, आज्या येतील, म्हणून पूर्वेचा सावलीतला कट्टा त्यांच्यासाठी मोकळा ठेवा. आपण पश्चिमेला उन्हात उभे राहू. जानेवारीचं ऊन आहे, सोसतं.

सामना तीन वाजता आहे. पश्चिमेच्या हलगीवाल्या दोघांना मी काल भेटून आलो, त्यातला एकजण आता आजोबा झाला आहे, पण येतो म्हणाला. पाहुण्या मुली दुपारी एकच्या गाडीने स्टॅंडवर उतरतील. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे अशा पाच-सहा जणींनी त्यांना घ्यायला यावं, मीही तिथे असेन. मैदानात त्या शिरतील तेव्हा पहिली टाळी त्यांच्यासाठी वाजवू, आणि मग नव्वद मिनिटं आपल्या पोरींसाठी गळा फाटेपर्यंत ओरडू.

तुमचा,
एक जुना रेफ्री
परभणी